दुरुस्त करावीशी वाटणारी गाडी

इनोव्हा बिघडत नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. गाड्या दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म जातो त्यांना हे खरं नसल्याचं पक्कं ठाऊक असतं, कारण गॅरेजच्या दारात इनोव्हा उभी नाही असा दिवस क्वचितच उजाडतो. क्लच प्लेट जळते, पुढच्या आर्मचे बुश झिजतात, स्टिअरिंगचा रॅक खडखडायला लागतो, नोझलची तक्रार येते, टर्बो शिट्टी मारू लागतो, एसीचा कॉम्प्रेसर बसतो. इतर गाड्यांना जे होतं ते सगळं हिलाही होतं. तरीही टुरिस्ट परमिटवर धावणारी इनोव्हा तीन-चार लाख किलोमीटरचा पल्ला गाठते आणि त्यानंतरही तिला नवा मालक मिळतो, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न या धंद्यात पडल्यापासून माझ्या मनात आहे, आणि त्याचं जे उत्तर मला सापडलं आहे ते इथे मांडतो आहे. टोयोटाची गाडी टिकते, कारण ती बिघडल्यावर दुरुस्त करणं मालकाला परवडतं आणि तसं करावंसं वाटतं. लोखंड चांगलं असतं, घडणही चांगली असते, ते नाकारत नाही. पण टिकण्याचा निम्म्याहून मोठा भाग कारखान्याबाहेर घडतो. तो मालकाच्या हिशेबात, मेस्त्रीच्या हातात आणि सुट्या भागांच्या दुकानात असतो.

गाडी भंगारात कधी जाते, याचा जरा बारकाईने विचार करून पाहा. एखादा भाग मोडला म्हणून सहसा कुणी गाडी टाकून देत नाही. दुरुस्तीचा अंदाज कानावर पडला की मालक मनातल्या मनात तो आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ताडून पाहतो. समजा, दहा वर्षांच्या दोन गाड्या आहेत. एकीला बाजारात दीड लाख येतात, दुसरीला पाच लाख. दोघींच्याही इंजिनाचं साठ हजारांचं काम निघालं. पहिलीचा मालक हात आखडता घेतो. तो सर्व्हिसिंग लांबवतो, लोकल माल घालायला सांगतो, ‘चालतेय तोवर चालू दे’ म्हणतो. दुसरीचा मालक कुरकुरतो, पण पैसे काढतो, कारण घातलेला पैसा विकताना वसूल होईल याची त्याला खात्री असते. बिघाड दोघींचा सारखाच, पण पुढच्या पाच वर्षांत दोघींची गत वेगळी होते. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या रस्त्यावर जास्त काळ राहिल्या, की त्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला माल ठेवणं परवडतं; माल गावोगावी मिळू लागला, की लहान गॅरेजवालाही त्या गाडीला हात घालतो; शंभरदा हात घातला, की त्याला आवाजावरून रोग कळू लागतो; आणि दुरुस्ती अशी सोपी व स्वस्त झाली, की गाडीचा बाजारभाव आणखी टिकून राहतो. हे रहाट एकदा फिरू लागलं की थांबत नाही. प्रश्न इतकाच की ते पहिल्यांदा फिरवलं कुणी, आणि कशाच्या बळावर.

त्यासाठी जपानच्या आयची प्रांतात जावं लागतं. साकिची टोयोडा हे यंत्रमाग सुधारणारे संशोधक. १९२४ साली आलेल्या त्यांच्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागाची ख्याती अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबे, आणि त्यामुळे एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळू शके. इचलकरंजीत किंवा मालेगावात मागाजवळ उभं राहिलेल्या कुणालाही याचं मोल वेगळं सांगायला नको. तुटक्या धाग्यावर माग तसाच चालत राहिला तर कापड वाया जातंच, शिवाय चूक कुठे झाली तेही शोधत बसावं लागतं. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडातल्या प्लॅट ब्रदर्सना देण्याचा करार झाला. साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी १९३३ मध्ये मागांच्याच कारखान्यात मोटारींचा विभाग उघडला. तिथून जे बाहेर पडलं ते मात्र अजिबात टिकाऊ नव्हतं. नोव्हेंबर १९३५ मध्ये पहिला जी-१ ट्रक टोकियोत लोकांसमोर मांडण्यासाठी निघाला तो वाटेतच बिघडला. विकल्या गेलेल्या पहिल्या ट्रकांच्याही तक्रारींची रीघ लागली. विक्रीची धुरा शोतारो कामिया यांच्याकडे होती. ते जनरल मोटर्सच्या जपानी कंपनीतून इकडे आले होते आणि मोटार विकणं म्हणजे काय हे त्यांना पुरतं माहीत होतं. विक्री कारखान्याच्या आवाक्यातल्या नागोयापासून सुरू झाली. ट्रक बंद पडला की कंपनीची माणसं धावत जात आणि तो चालू करून देत. आधी गाडी वापरणारा, मग विकणारा आणि सगळ्यांत शेवटी बनवणारा, हा हिताचा क्रम कामियांनी घालून दिला. एका कच्च्या ट्रकमागे उभं राहण्याची ही तयारी मला त्या ट्रकपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. आज ज्याला आपण विश्वास म्हणतो त्याचा पाया अपयशी मालावर घातला गेला, ही गोष्ट टोयोटाचे भक्त सहसा सांगत नाहीत, आणि मला ती सांगावीशी वाटते.

पुढचं पाऊलही संकटातूनच पडलं. युद्धानंतरच्या मंदीत कंपनी बुडायला आली, बँकांनी हात दिला तो अटी घालून, सोळाशे कामगारांना घरी पाठवण्याचा प्रस्ताव आला, संप पेटला आणि जून १९५० मध्ये किइचिरोंना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्याच महिन्यात कोरियात युद्धाला तोंड फुटलं आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या मागणीने कारखाना वाचला. हाती भांडवल तुटपुंजं, कोठारात माल साचवून ठेवणं परवडणारं नाही, अशा अवस्थेत ताइइची ओनो यांनी जी उत्पादनपद्धत बसवली तिच्यात मागाचं तत्त्व माणसांच्या हाती आलं. दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची. पर्यवेक्षक धावत येणार. जागच्या जागी सुटला नाही तर सगळी लाइन थांबणार. चूक पुढे ढकलायची नाही, इतकाच याचा अर्थ. तरीही १९५७ मध्ये अमेरिकेत नेलेली टोयोपेट क्राउन तिथे सपशेल पडली. जपानच्या खडबडीत, अरुंद रस्त्यांसाठी घडवलेली ती जड गाडी अमेरिकेच्या महामार्गांवर दमली, तापली, थरथरली. १९५८ या पूर्ण वर्षात अमेरिकेत टोयोटाच्या २८८ गाड्या खपल्या, त्यातली एक लँड क्रूझर, बाकी सगळ्या क्राउन. १९६० च्या अखेरीस क्राउनची तिकडची निर्यात थांबवली गेली, आणि कंपनी पुन्हा पाय रोवून उभी राहिली ती १९६५ मध्ये, कोरोना घेऊन, इंजिनात पुरेशी ताकद भरल्यावर. मधली वर्षं तिथला व्यवहार बराचसा लँड क्रूझरच्या जोरावर तगला.

आता आपल्याकडे येऊ. टोयोटाशी भारतात हातमिळवणी झाली ती किर्लोस्करांची, म्हणजे १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याची. मोटारींच्या आधी दोघांची भागीदारी कापडगिरण्यांच्या यंत्रांची होती, आणि टोयोटाचा जन्म मागातून झाला हे लक्षात घेतलं तर तो क्रम मला मोठा समर्पक वाटतो. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ मध्ये स्थापन झाली, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला उभा राहिला आणि जानेवारी २००० मध्ये क्वालिस बाजारात आली. त्या वेळच्या जाणकारांनी नाकं मुरडली, आणि त्यांचं चुकत नव्हतं. इंडोनेशियात १९८६ पासून धावत असलेल्या तिसऱ्या पिढीच्या किजांगचंच हे भारतीय रूप होतं. चेहरा जुना, बांधणी खोक्यासारखी, डिझेल इंजिन २.४ लिटरचं आणि ताकद जेमतेम ७५ अश्वशक्तीची. जपानहून इतकी मोठी कंपनी आली आणि पंधरा वर्षांपूर्वीचा माल घेऊन आली, ही भावना समजण्यासारखी होती.

पण खाली शिरून पाहणाऱ्याला क्वालिसची दुसरी बाजू दिसत असे. वेगळी चासी, मागे पाटे, टर्बो नसलेलं इंजिन, यांत्रिक पंप, इलेक्ट्रॉनिक्स नावापुरतं. इंजिनाच्या आकारमानाच्या मानाने काढलेली ताकद इतकी कमी, की कुठलाही भाग आपल्या शेवटच्या मर्यादेवर राबत नव्हता. पाटे तुटले तर कुठल्याही तालुक्याच्या गावी पाटेवाला होता. पंप रिपेअर करणारा एस.टी. आणि ट्रॅक्टरच्या पंपांवर हात बसलेला माणूस होता. थोडक्यात, ती दुरुस्त करण्याचं ज्ञान ती येण्याआधीच इथे हजर होतं. म्हणून शिर्डी-पंढरपूरच्या यात्रेकरूंपासून पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरच्या रात्रपाळ्यांपर्यंत सगळ्यांनी तिला जुंपलं. आणि चांगली चालत असतानाच, २००५ मध्ये, कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. खपत्या गाडीचं उत्पादन थांबवण्याचा तो निर्णय तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटला होता. आता मागे वळून पाहताना मला त्यात शहाणपण दिसतं, कारण क्वालिसचं नाव तिच्या उतरत्या काळात खराब होण्याआधीच उत्पादन थांबलं, आणि जुन्या क्वालिसचा बाजारभाव पुढची कित्येक वर्षं शाबूत राहिला.

इनोव्हा ही हायलक्स आणि फॉर्च्युनरच्याच चासीच्या कुटुंबातली. थायलंड, इंडोनेशिया, अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या कारखान्यांसाठी टोयोटाने २००४ मध्ये जो एकत्र आराखडा आणला, त्यातली ही गाडी. म्हणजे ती मुळातच वाईट रस्ते, भेसळीचं डिझेल, जास्तीची माणसं आणि टपावर सामान हे सगळं गृहीत धरून घडली होती. तिचं अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन १०२ अश्वशक्तीचं. आजच्या मानाने हे आकडे फिके आहेत, पण तेच तिचं बळ. या इंजिनाची एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. याला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणजे ‘न बिघडणाऱ्या’ इंजिनाच्या काळजातच एक रबरी पट्टा आहे, जो ठरलेल्या मुदतीत बदलला नाही तर सगळं मुसळ केरात. कंपनीने ही कमजोरी झाकली नाही. ठरावीक किलोमीटर झाले की मीटरवर बेल्टचा दिवा पेटतो आणि काम होऊन दिवा रिसेट होईपर्यंत तसाच राहतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठलं की त्याचाही दिवा लागतो. फिल्टरखालची चावी ढिली केली की आधी गढूळ पाणी येतं, मग पिवळसर डिझेल, आणि तेवढ्या दोन मिनिटांच्या कामाने हजारो रुपयांची नोझल वाचतात. ज्या मालकांच्या गाड्या चार लाख किलोमीटर जातात ते हे दिवे पाहून गाडी बाजूला लावणारे लोक असतात. जे दिव्यावर चिकटपट्टी लावतात त्यांच्या इनोव्हाही इतर कुठल्याही गाडीइतक्याच लवकर बसतात. मागाचा धागा आणि कारखान्यातली दोरी यांच्यासारखाच हा दिवाही थांबायला सांगतो, फक्त थांबायचं की नाही हे आता मालकाच्या हाती आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप असा येतो की आपल्याला दिसतात त्या फक्त तगलेल्या गाड्या. ज्या लवकर संपल्या त्या भंगारवाल्याकडे गेल्या, त्यांची मोजदाद कोण करतो? आक्षेप रास्त आहे, आणि मी त्यात आणखी भर घालतो. टुरिस्ट इनोव्हाचे चार लाख किलोमीटर आणि शहरात मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचे चार लाख किलोमीटर यांना एका तराजूत घालता येत नाही. पुण्याहून नाशिकला, मुंबईहून कोल्हापूरला धावणाऱ्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की तासन्‌तास एकाच लयीत चालतं. क्लच आणि ब्रेकला फारसं काम पडत नाही. थंड इंजिन सुरू करण्याचे प्रसंग कमी येतात. किलोमीटर जास्त, पण ते सोपे असतात. त्यातच जुन्या बाजारात मीटर मागे फिरवण्याचा रोग आहे, त्यामुळे आकड्यांवर भिस्त ठेवणारा फसतोच. गाडी किती पळाली हे मीटरपेक्षा इतर जागा खरेपणाने सांगतात. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर ज्या बाजूने आत शिरतो त्या बाजूची सीटची कड फुटलीय का, गिअर नॉबवरचे आकडे पुसलेत का, स्टिअरिंगची पकड कुठे चकाकतेय. साठ हजार दाखवणाऱ्या गाडीचं पेडल गुळगुळीत असेल तर बोलणंच खुंटलं. तेव्हा ‘चार लाख चालली’ या दाव्याचा थोडा भाग मी आनंदाने सोडून देतो. पण हा आक्षेप माझा मुद्दा खोडत नाही, उलट बळकट करतो. टुरिस्टवाला ज्या सोप्या किलोमीटरांवर गाडी चालवतो त्याच किलोमीटरांवर त्याने इतर कंपन्यांच्याही गाड्या चालवून पाहिल्या आहेत. त्याला ब्रँडची हौस नाही. त्याला हप्ता फेडायचा आहे. गाडी बंद असेल त्या दिवशी त्याची कमाई बुडते आणि हॉटेलवाल्याशी किंवा कंपनीशी बांधलेलं काम दुसऱ्याकडे जातं. असा माणूस पाच-सात वर्षांनी पुन्हा तीच गाडी घेतो, जास्त पैसे मोजून घेतो, तेव्हा त्याने मांडलेला हिशेब कुठल्याही जाहिरातीपेक्षा वजनदार पुरावा ठरतो.

जास्त पैसे, हा दुसरा आक्षेप. टोयोटा महाग, तिचे मूळ सुटे भाग महाग, आणि गरजू माणसाला तिचा काय उपयोग? याचं उत्तर एका वाक्यात देता येतं : ही गाडी पहिल्या मालकाला महाग पडते, दुसऱ्याला रास्त आणि तिसऱ्याला स्वस्त. मात्र इथे एक खाचही आहे. केवळ बिल्ला बदलून विश्वास एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो, असं कंपन्यांना वाटू लागलंय. मारुतीची बलेनो २०१९ पासून ग्लान्झा नावाने टोयोटाच्या शोरूममध्ये उभी आहे, आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस २०२३ पासून इन्व्हिक्टो नावाने मारुतीच्या. बलेनो चांगली गाडी आहे, तिला नावं ठेवत नाही. पण इनोव्हाने कमावलेली पत तिच्या बोनेटवर चिकटवता येत नाही, कारण ती पत त्या विशिष्ट चासीच्या, त्या विशिष्ट इंजिनाच्या कामगिरीतून आली होती.

सगळ्यांत गंभीर आक्षेप खुद्द कंपनीवरचा आहे. दोष दिसला की थांबायचं, हे तत्त्व सांगणारी कंपनी स्वतः थांबली का? नेहमी थांबली नाही. २००९-१० मध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याच्या तक्रारींवरून जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे मान्य केलं, की कंपनी जितक्या वेगाने वाढत होती तितक्या वेगाने माणसं आणि संघटना घडवू शकली नाही. पुढच्या वर्षी सरकारी तपासात इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आढळला नाही. पायाखालच्या मॅट आणि चिकटणारं पेडल हीच कारणं राहिली. पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये १२० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला, आणि पेडलपेक्षा मला हे जास्त लागतं. पेडल चिकटणं हा बिघाड आहे, तो दुरुस्त होतो. माहिती दडवणं म्हणजे दिव्यावर चिकटपट्टी लावणं. जानेवारी २०२४ मध्ये तर साकिचींच्याच मागाच्या कारखान्यातून वाढलेल्या टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये डिझेल इंजिनांच्या प्रमाणीकरणाच्या चाचण्यांत गैरप्रकार निघाला. ताकदीच्या चाचणीत नेहमीच्या उत्पादनापेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरून आकडे सरळ, एकसारखे दिसतील अशी व्यवस्था केली गेली होती. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची भारतातली रवानगीही काही काळ थांबवावी लागली. बिडदीच्या कारखान्यात २०१४ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये टाळेबंदी झाली, हेही विसरता येत नाही. दोरी ओढण्याचा अधिकार कामगाराला दिला असं म्हणायचं, तर त्याचा आवाज लाइनच्या बाहेरही ऐकू यायला हवा.

मग माझा मुद्दा ढासळला का? मला तसं वाटत नाही. टिकाऊपणा कंपनीच्या पुण्याईतून येतो असा माझा दावा असता तर या प्रकरणांनी तो निकालात काढला असता. माझं म्हणणं असं आहे की तो अनेकांच्या हातून घडतो, आणि त्या अनेकांत कंपनी एक आहे, मोठी आणि महत्त्वाची असली तरी. प्रमाणपत्रावरचा आकडा चार अश्वशक्तींनी खोटा निघाला तर तो गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी. पण रस्त्यावर धावणाऱ्या क्रिस्टाचा भाव त्या बातमीने पडला नाही, कारण तिच्या मालकाने विश्वास ठेवला होता तो प्रमाणपत्रावर नव्हे, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर. म्हणून कंपनीने निर्धास्त व्हावं असं नाही. लोकांनी सांभाळलेली पत लोक काढूनही घेतात, आणि अमेरिकेत क्राउनच्या वेळी ती क्षणात गेली होती.

धुराबद्दलचा आक्षेप मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. जुनी डिझेल गाडी वर्षानुवर्षं चालू ठेवणं म्हणजे तिचा धूर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या छातीत भरणं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन लिटरवरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिन्यांसाठी थांबवली, त्याचा फटका इनोव्हाला बसला. दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी झाली तशा तिकडच्या धडधाकट इनोव्हा नाहरकत दाखला घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या, महाराष्ट्रातही आल्या. दिल्लीला जो धूर नको होता तो आपण स्वस्तात विकत घेतला, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढणं अवघड आहे. एवढंच सांगेन, की धूर वयाप्रमाणे मोजण्यापेक्षा धूर म्हणूनच मोजावा. नोझल तपासलेली, एअर फिल्टर स्वच्छ असलेली, वेळेवर ऑइल बदललेली बारा वर्षांची गाडी आणि काळा धूर ओकत घाट चढणारी सहा वर्षांची गाडी यांत कायद्याला फरक करता आला पाहिजे. पीयूसीची तपासणी आज ज्या पद्धतीने उरकली जाते त्या पद्धतीने तो करता येत नाही.

आणि आता गाडीच बदलली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली हायक्रॉस ही नावाने इनोव्हा, पण तिला वेगळी चासी नाही, पुढची चाकं ओढतात, डिझेल नाही. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर. प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर, म्हणजे धुराच्या आक्षेपाचं बरंचसं उत्तर हिच्यात आहे. प्रश्न दुरुस्तीचा आहे. बॅटरीवर कंपनीची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे. टुरिस्ट गाडी हे किलोमीटर तीन वर्षांत ओलांडते. त्यापुढे काय? अनेकांना वाटतं की इथे रहाट थांबणार. मी तितका निराश नाही, आणि माझ्या आशेला मंगोलियाचा आधार आहे. उलानबातरच्या रस्त्यांवर जपानहून आलेल्या जुन्या, हमी केव्हाच संपलेल्या टोयोटाच्या प्रियस हायब्रिड गाड्या भरून वाहतात, कडाक्याच्या थंडीत चालतात. तिथल्या मेस्त्रींनी बॅटरी खोलून खराब मॉड्यूल तेवढं बदलायचं तंत्र आत्मसात केलं. हायक्रॉसची बॅटरीही प्रियससारखीच निकेल-मेटल हायड्राइडची, सुट्या सेलांची जुळणी असलेली. गिअरबॉक्सच्या जागी जी प्लॅनेटरी गिअरची रचना आहे तिच्यात क्लच प्लेट नाही, बेल्ट नाही, घासून संपणारं फारसं काही नाही. यांत्रिकदृष्ट्या ही गाडी जुन्या इनोव्हापेक्षा सोपी आहे. अवघड आहे ते विजेचं काम. नारिंगी केबलला हात लावण्याआधी रबरी हातमोजे घालायचे, सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटरमधला दाब उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची आणि त्यानंतरच पाना उचलायचा. हे सगळं आयटीआय झालेला मुलगा आठवड्यात शिकू शकतो. फक्त कुणीतरी त्याला शिकवलं पाहिजे, आणि स्कॅनरमध्ये दिसणाऱ्या कोडचा अर्थ, वायरिंगचे नकाशे, सेलांची मोजमापं त्याच्यासाठी उघडी असली पाहिजेत.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यासाठी सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार झाला. जमीन, पाणी, वीज, सवलती यांची चर्चा होईल, ती व्हायलाच हवी. माझ्यासारख्यांची मागणी त्याहून लहान आहे. कारखान्यासोबत मराठवाड्यात हायब्रिडचं प्रशिक्षण उभं राहणार असेल, तर ते डीलरच्या पगारी माणसांपुरतं ठेवू नये. जालना, बीड, परभणीतल्या स्वतंत्र गॅरेजवाल्याला फी भरून तिथे शिकता यावं, प्रमाणपत्र घेता यावं, आणि बॅटरीचं एक मॉड्यूल बिघडलं तर अख्खी बॅटरी न घेता तेवढं मॉड्यूल त्याला दुकानातून विकत मिळावं.